छळ, ससेमिरा आणि ‘पर्सिक्यूट’

बेळगावात एकच फिर्याद तीन भाषांत वाचायला मिळते. हुंड्यासाठी सुनेला त्रास दिल्याची बातमी कन्नड दैनिकात ‘किरुकुळ’ म्हणून येते, मराठीत ‘छळ’ किंवा ‘जाच’ म्हणून, इंग्रजीत ‘हॅरॅसमेंट’ म्हणून. कायद्याचा शब्द चौथाच: क्रूरता. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ घातलं गेलं तेव्हा तोच आला, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्येही तोच आहे. या गर्दीत ‘पर्सिक्यूट’ कुठेच नाही. तरी ‘छळणे’ला इंग्रजी प्रतिशब्द शोधायला बसलं की तो हमखास पुढे येतो, आणि अर्जांची भाषांतरं करताना माझी गाडी तिथेच अडते.

या क्रियापदाचं मूळ लॅटिन. ‘पर’ म्हणजे शेवटपर्यंत, ‘सेक्वी’ म्हणजे मागे जाणे. फ्रेंचमधून तो पंधराव्या शतकात इंग्रजीत आला. खटला भरणं या अर्थाचा ‘प्रॉसिक्यूट’ त्याचाच भाऊ, म्हणून टायपिंगमध्ये दोघांची अदलाबदल होते आणि आरोपीवर खटला भरण्याऐवजी त्याचा छळ होतो. संस्कृतातला ‘सच्’, सोबत असणे, हा धातूही याच कुळातला. त्यातून आपला ‘सचिव’ आला. (सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्यांना या नात्याचं नवल वाटू नये.)

पाठलागातून छळ, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपण ‘हात धुऊन मागे लागला’ म्हणतो, ‘पिच्छा पुरवला’ म्हणतो. ‘ससेमिरा’ तर गोष्टीतूनच आला. जुन्या संस्कृत कथेत वाघाच्या भीतीने झाडावर चढलेला राजपुत्र, आपल्याला आसरा देणाऱ्या अस्वलालाच, ते झोपलेलं असताना, खाली ढकलतो. मग वेड लागून ‘स-से-मि-रा’ एवढंच बरळत फिरतो. या चार अक्षरांनी सुरू होणारे चार श्लोक ऐकवल्यावर तो शुद्धीवर येतो. तिथे ते शब्द छळलेल्या माणसाच्या तोंडी नाहीत, विश्वासघात करणाऱ्याच्या तोंडी आहेत. आज आपण ससेमिरा दुसऱ्याच्या मागे लावतो.

इंग्रजी शब्दाला वजन आलं ते इतिहासाने. इसवी सन ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांविरुद्ध फर्मानं काढली, प्रार्थनास्थळं पाडली, ग्रंथ जाळले. अशा छळासाठी हा शब्द रुळला. पुढे १९५१ च्या निर्वासितविषयक करारात त्याची पाच कारणं लिहिली गेली: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. म्हणजे त्रास नुसता सतत असून भागत नाही. ‘तू अमुक आहेस’ हे त्यामागचं कारण असावं लागतं. सासूचा जाच कितीही क्रूर असला तरी तिथे हा शब्द बसत नाही, तो यासाठी.

आपल्या ‘छळ’ला अशी अट नाही. शेजारच्या आक्का पायरीवर बसता बसता म्हणतात, “गुडघा लई छळायलाय बघ.” गुडघा कुणाला पर्सिक्यूट करू शकत नाही! मुळात संस्कृत ‘छल’ म्हणजे कपट. हिंदीने तोच अर्थ राखला, मराठीत कपटाचा त्रास झाला. आणि कन्नडमध्ये? तिथे ‘छल’ म्हणजे जिद्द. दहाव्या शतकातल्या पंप या कन्नड कवीच्या महाकाव्यात दुर्योधनाचं मोठेपण याच गुणासाठी सांगितलं आहे. माझ्या एका कन्नड सहकाऱ्याने माझ्या मुलाबद्दल “छल ऐति” म्हटलं तेव्हा मी क्षणभर गप्पच झालो. तो कौतुक करत होता.

सीमाभागात या शब्दांना आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. या भागावर हक्क सांगत महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दरवर्षी १ नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या निवेदनांत ‘अन्याय’, ‘दडपशाही’, ‘भाषिक सक्ती’ हे शब्द येतात. इंग्रजी मसुदा करताना कुणीतरी सुचवतंच, “पर्सिक्यूशन घाला, जोरदार वाटतं.” मी घालत नाही. फलकाची भाषा, कागदपत्रं मराठीत मिळणं, हे प्रश्न नेमके आहेत आणि नेमक्या शब्दांतच ते टिकतात. रोमच्या फर्मानांचा शब्द लावला की समोरचा अधिकारी आधी त्या शब्दावरच वाद घालत बसतो. तिथे मी ‘डिनायल’, म्हणजे नाकारणं, एवढंच लिहितो, आणि कुठलं परिपत्रक मराठीत मिळालं नाही त्याची तारीख पुढे जोडतो.