सिम्युलेशनमधली गाडी आधीच पळत असते

क्रॅश टेस्ट कॉम्प्युटरवर करायची म्हणजे गाडी लांबून पळवत आणून धडकवायची, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं कोणी करत नाही. भारत एनकॅपच्या (गाड्यांना सुरक्षिततेचे स्टार देणाऱ्या चाचणीच्या) समोरून होणाऱ्या धडकेत गाडी ताशी 64 किमीने बॅरिअरवर जाते, तर सिम्युलेशनमध्ये ती बॅरिअरच्या 5-10 मिमी अलीकडे ठेवायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की घड्याळ सुरू होतं तेव्हाच हिचा वेग सेकंदाला 17.78 मीटर आहे. ही झाली इनिशियल व्हेलॉसिटी.

एवढी काटकसर का, तर स्टीलमध्ये ध्वनी सेकंदाला साधारण 5 किमी जातो, म्हणजे 5 मिमीचा एलिमेंट (मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत विभागतात त्यातला एक) ओलांडायला त्याला 1 मायक्रोसेकंद लागतो आणि एलएस-डायनासारख्या सॉफ्टवेअरला वेळ पुढे सरकवताना एका वेळी त्याहून मोठं पाऊल टाकताच येत नाही. 150 मिलिसेकंदांची धडक म्हणजेच दीड लाख पावलं झाली, त्यात वेग पकडायचे 5 सेकंद घातले तर आणखी 50 लाख, आणि तेवढ्या वेळात बघण्यासारखं काहीच घडत नाही!

हा वेग फक्त सुरुवातीला मिळतो. बॉल हातातून सुटला की पुढे त्याचं तो बघतो, तसं. नवीन लोक इथे बऱ्याचदा कायम वेग लादणारी बाउंडरी कंडिशन लावतात, मग गाडी थांबायचं नावच घेत नाही, बॅरिअर चिरडत जातेच आहे.

युनिट्सचा घोळ तर नेहमीचाच. टन-मिलिमीटर-सेकंद या युनिट्समध्ये 17,780 लिहायचं तिथे 17.78 टाकलं की गाडी 150 मिलिसेकंदांत पावणेतीन मिमीसुद्धा सरकत नाही, बॅरिअरला शिवतच नाही. म्हणून रन सुरू झाल्याझाल्या कायनेटिक एनर्जी बघायची, 1500 किलोच्या गाडीला ती 237 किलोज्यूलच्या आसपास हवी. कमी दिसली तर एखादी सीट नाहीतर बॅटरी वेगाच्या सेटमध्ये (ज्या भागांना सुरुवातीचा वेग द्यायचा त्यांच्या यादीत) घ्यायची राहिलीये समजा, म्हणजे गाडी निघाली आणि सीट जागच्या जागी.

फिरणाऱ्या गोष्टींचं मात्र नुसत्या वेगावर भागत नाही. जेट इंजिनच्या फॅनचं पातं तुटलं तर काय होईल हे बघायचं असेल आणि फक्त फिरण्याचा वेग दिला, तर पाती पहिल्या क्षणी ताणलेली नसतात, मग ती एकदम बाहेर खेचली जातात आणि थरथरत बसतात, तुटायच्या आधीच खोटे स्ट्रेस दिसायला लागतात. त्यामुळे आधी सेंट्रिफ्युगल ताण (फिरण्यामुळे बाहेर खेचलं जाऊन येणारा) वेगळा काढून पात्यांत भरायचा, मग वेग द्यायचा, आणि त्यानंतरच पातं तोडायचं.