तापमानाचा मफलर आणि तापमानवाढीचा मफलर

दोन्ही मफलर पट्ट्यापट्ट्यांचे, दोन्हींत निळ्यापासून लालपर्यंतचे रंग, दोन्ही तापमानाचे आकडे बघून विणलेले. त्यामुळे ‘हवामानाचा मफलर’ म्हणून दोघांना सर्रास एकाच नावाने हाक मारली जाते. पण एकात ऋतू दिसतात आणि दुसऱ्यात बदल.

पहिल्यात एक ओळ म्हणजे एक दिवस. त्या दिवसाचं कमाल तापमान बघायचं, ठरलेल्या रंगाची ओळ घालायची. वर्षअखेर 365 ओळी. मी पुण्याचा विणायला घेतला तेव्हा वाटलं होतं, एकच लाल पट्टा येईल. एप्रिल-मेचा गडद लाल आलाच, पण पाऊस लागला तसा रंग झरझर उतरला, जुलै-ऑगस्टच्या ओळी डिसेंबरपेक्षाही निळ्या झाल्या आणि ऑक्टोबर हीटला नारिंगी पुन्हा वर आला. थंडीतली आपली दुपार उबदारच असते, कमाल पारा खरा उतरतो तो पावसाळ्यात, हे सुया हातात असताना कळलं. माझा फार जीव आहे त्या मफलरवर. तरी पृथ्वी तापतेय याचा पुरावा त्यात नाही. मे महिना आजीच्या काळातही लालच होता.

दुसऱ्यात एक पट्टा म्हणजे अख्खं वर्ष, आणि रंग तापमानाचा नाही, सरासरीपासून ते वर्ष किती वरखाली गेलं त्याचा. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड यांनी अशी क्रोशाची चादर विणली, ती 2017 मध्ये गाजली. 2018 मध्ये त्यांचे सहकारी एड हॉकिन्स यांनी काढलेले निळे-लाल पट्टे मग जगभर गेले. जगाच्या सरासरीच्या अशा मफलरमध्ये गडद निळ्यापासून गडद लालपर्यंतचा सगळा प्रवास सुमारे दीड अंशाचा. माझ्या पुण्याच्या मफलरमध्ये दर दोन अंशांना रंग बदलतो. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांची तापमानवाढ तिथे एका रंगातही मावून जाते!

रोजच्या ओळींतूनच बदल दाखवायचा असेल तर रंगांचं माप तेच ठेवून दोन वर्षं विणा, एक जन्मसालाचं आणि एक यंदाचं. अमेरिकेतला ‘टेम्पेस्ट्री प्रोजेक्ट’ 2017 पासून असेच ठरलेले रंग वापरतो, म्हणून त्यातलं कुठलंही वर्ष दुसऱ्याशेजारी ठेवता येतं.

आता धागा. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बऱ्याचदा ॲक्रिलिक, म्हणजे मुळात खनिज तेल. धुताना तिचे बारीक प्लॅस्टिकचे तंतू पाण्यात जातात. चिमट्यात तुकडा धरून जाळून बघा: खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. नव्या लडीऐवजी घरातला जुना लोकरीचा स्वेटर उसवला तर उत्तम. उसवलेला धागा वळलेला निघतो, तेव्हा लडी करून कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली हलकं वजन बांधून सावलीत टांगायची. वाळेपर्यंत तो बऱ्यापैकी सरळ होतो.