बॅटरी उतरली की बॅटरी गेली?

बाइकचा सेल्फ दाबला की रिले नुसता कटकट करतो, मीटरचे दिवे मंद होतात आणि बघणारा प्रत्येकजण एकच निदान करतो: "बॅटरी गेली, नवी टाक." नवी टाकली की गाडी पहिल्या दाबात चालू होते, त्यामुळे निदान बरोबर होतं असंच वाटतं. तीन आठवड्यांनी पुन्हा कटकट. मग खापर नव्या बॅटरीवर: "हल्ली मालच भिकार येतो."

उतरलेली बॅटरी म्हणजे रिकामी झालेली. भरली की पुन्हा कामाला लागते. गेलेली बॅटरी कितीही भरा, धरत नाही. पहिलीत दोष बहुतेक वेळा बॅटरीबाहेर असतो, दुसरीत बॅटरीच्या पोटात. सेल्फवर दोघींचं लक्षण एकच, म्हणून हा घोळ.

बॅटरीची ओळख करून देत बसत नाही. सहा सेल, पूर्ण भरलेली १२.६ ते १२.८ व्होल्ट, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. हे सगळं लेड-ॲसिडचं. लिथियमवाल्यांनी हे आकडे लावू नयेत.

गाडं अडतं ते पुढे. मल्टीमीटर लावला, १२.६ दिसलं, "बॅटरी ठणठणीत" म्हणून लोक मोकळे होतात. उभ्या गाडीवरचा व्होल्टेज पातळी सांगतो, साठा सांगत नाही. कावळ्याच्या गोष्टीतलं मडकं आठवा: पाणी काठापर्यंत येतं, पण आत निम्मे खडे असतात. जुन्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसला की तसंच होतं. ती भराभर भरते, मीटरवर भरलेली दिसते आणि सेल्फचा एक घोट घेतला की संपते.

म्हणून आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा आणि रात्रभर तशीच ठेवा. चार्जर काढल्याकाढल्या दिसणारा आकडा फुगलेला असतो, त्यावर भाळू नका. सकाळी १२.६ असेल तर मीटर बॅटरीच्या टोकांवर ठेवूनच सेल्फ दाबा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. १० च्या वर टिकला आणि इंजिन दमदार फिरलं तर बॅटरी शाबूत आहे, ती फक्त उतरली होती. ९ च्या खाली कोसळला तर गेली. रात्रभरात आपोआप १०.५ च्या आसपास आली असेल तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाल्याची दाट शक्यता. तिचा नाद सोडा.

बॅटरी शाबूत निघाली की मगच गाडीच्या स्वतःच्या चार्जिंगकडे वळा. हा क्रम उलटा करू नका, कारण गेलेली बॅटरी चार्जिंगचे आकडेही खोटे पाडते. सल्फेट धरलेली करंट घेतच नाही, त्यामुळे लगेच १४.४ दिसतात आणि सगळं छान वाटतं. शॉर्ट सेलवाली उलट व्होल्टेज खाली ओढते आणि चार्जिंगचा व्होल्टेज आवरणाऱ्या बिचाऱ्या रेग्युलेटरवर आळ येतो.

चार्जिंग बघताना आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता, निकाल देऊ नका. हेडलाइट चालू असला तर तिथे आकडा कमीच राहतो. थ्रॉटल देऊन ४०००-५००० आरपीएमला न्या. बहुतेक गाड्यांवर १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, आणि तो बॅटरीलाही घेऊन जाईल. १२.५ वरच घुटमळत असेल तर चार्जिंग पोचत नाही. चार्जिंग नीट असूनही गाडी दोन दिवस उभी ठेवल्यावर उतरत असेल तर चावी बंद असताना कोणीतरी करंट पितंय; आधी अलार्म आणि हौसेने लावलेले दिवे तपासा.

दोष वीज बनवणाऱ्या कॉइल प्लेटचा की रेग्युलेटरचा, हे ठरवणं त्यामानाने सोपं. थ्री-फेज गाडीत कॉइलच्या तीन वायरी येतात, बऱ्याचदा पिवळ्या. कनेक्टर काढून थ्रॉटलवर कुठल्याही दोघींमध्ये एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे हवेत. इंजिन बंद करून एकही पिवळी वायर बॉडीशी कंटिन्युइटी (जोडलेली असल्याची खूण) दाखवता कामा नये. दाखवली तर कॉइल जळाली. दोन्हींत कॉइल पास झाली तर संशय रेग्युलेटरवर.

आणि एक हात जोडून विनंती. "इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढ, बंद पडलं तर चार्जिंग नाही" ही परीक्षा कृपया करू नका. काही गाड्यांचं इग्निशन बॅटरीवर अवलंबूनच नसतं, त्यामुळे त्या चालू राहिल्या तरी काहीच सिद्ध होत नाही. उरलेल्यांत बॅटरीचा आधार निघाल्यावर व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जळू शकतो.

हे सगळं मी शहाणपणाने शिकलो नाही. माझ्या गाडीला वर्षभरात दोन नव्या बॅटऱ्या घातल्यावर एकदाचा सीटखालचा कॉइलचा कनेक्टर उघडला. पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती तपकिरी होऊन वितळलं होतं आणि ती पिवळी वायर बोटभर लांबीपर्यंत कडक झाली होती. नवा कनेक्टर, दोन क्रिम्प, आणि थ्रॉटलवर १४.२. दुसरी बॅटरी चार्ज करून लावली, ती अजून चालते आहे. पहिली तोवर मोडीत गेली होती.