शिळा आकडा ताज्यासारखा दिसतो तेव्हा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं दार उघडलं, की वायरींच्या जंजाळात बऱ्याचदा एक जांभळी केबल दिसते. ती प्रोफिबसची. १९८७ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या प्रकल्पातून ही फील्डबस, म्हणजे कारखान्यातल्या उपकरणांना जोडणारी सामायिक संदेशवाहिनी (थोडक्यात 'बस'), आली. आधी दर सेन्सरमागे वेगळी वायर ओढावी लागे. आता सेन्सर, व्हॉल्व्ह, ड्राइव्ह एकाच केबलवर बोलतात, तेही सेकंदाला १.२ कोटी बिटपर्यंतच्या वेगाने.

केबल पीसीतल्या कार्डाला जोडली म्हणून काम झालं असं नाही. प्रोग्रॅम आणि कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर (कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम) आणि त्यावरची लायब्ररी (तयार फंक्शन्सचा संच) लागते. कार्डावर बहुधा स्वतःचा प्रोसेसर असतो. तो बसवरचे आकडे सामायिक मेमरीत ठेवतो आणि प्रोग्रॅम तिथून उचलतो.

खरी गोम इथे आहे. समजा, मोटरची जागा सांगणारा ३२ बिटांचा आकडा १६-१६ बिटांच्या दोन तुकड्यांत वाचायचा आहे. तो ६५,५३५ असताना प्रोग्रॅमने वरचा तुकडा वाचला: शून्य. तेवढ्यात मोटर एक पाऊल सरकली, आकडा ६५,५३६ झाला आणि खालचा तुकडाही शून्य झाला. प्रोग्रॅमला दिसलं शून्य! मोटर एका क्षणात मूळ जागी परतली, असा त्याचा समज.

मेमरीला कुलूप लावावं, तर कुणालातरी थांबावं लागतं, आणि वाचण्या-लिहिण्याच्या एक मिलिसेकंदाच्या चक्रात थांबणं महागात पडतं. म्हणून तीन बफर, म्हणजे मेमरीतले तीन वेगळे कप्पे, ठेवतात: एकात लिहिणं चालू, एकात वाचणं, तिसऱ्यात शेवटचा पूर्ण संच. बदलतो तो फक्त बफरचा क्रमांक.

अशा कामाला रिअल-टाइम सिस्टीम लागते. रिअल-टाइम म्हणजे वेगवान, हा गैरसमज फार पसरलाय; खरा अर्थ, दर वेळी ठरलेल्या मुदतीत हमखास काम होणं. सरासरी झकास, पण मधूनच वीस मिलिसेकंद उशीर, अशी सिस्टीम इथे कुचकामी. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) रिअल-टाइमची पूर्ण सोय यायला २०२४ उजाडलं.

त्याहून धोकादायक म्हणजे शिळा आकडा. केबल तुटली तरी मेमरीत शेवटचं तापमान, समजा ७२ अंश, जसंच्या तसं राहू शकतं. त्यामुळे आकड्यासोबत त्याची स्थितीही, म्हणजे तो अजून ग्राह्य आहे की नाही, वाचायची असते, आणि घाईत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये नेमकं तेच राहून जातं. उलट बाजूने वॉचडॉग असतो: ठरलेल्या वेळात बसवरून संदेश आला नाही, तर पलीकडचं उपकरण आउटपुट सुरक्षित स्थितीत नेतं. प्रोफिबसमध्ये हा वॉचडॉग बंदही ठेवता येतो. चाचणीच्या वेळी बंद केलेला तसाच राहिला, तर संपर्क तुटल्यावरही उघडा व्हॉल्व्ह उघडाच राहू शकतो.