काहीच त्रास न देणारं मूल

लहान मूल पडलं की रडत आपल्या माणसाकडे धावतं. काही मुलं मात्र पडतात, उठतात आणि पाठ फिरवून पुन्हा खेळायला लागतात. नव्याने घरी आलेलं असं मूल पाहून प्रतिपालक, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणारे ‘फॉस्टर’ पालक, कौतुकाने म्हणतात, ‘किती शहाणं आहे, काहीच त्रास देत नाही!’ मला मात्र तिथेच धस्स होतं.

संकटात ज्याच्याकडे धाव घ्यावी असं एक तरी माणूस असणं ही बाळाची मूलभूत गरज आहे, असं ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं. हीच ‘अटॅचमेंट’. जिथे रडण्याला उत्तरच येत नाही किंवा उत्तर म्हणून मार मिळतो, तिथे मूल गप्प राहायला शिकतं. घर बदललं तरी तो धडा पुसला जात नाही. अगदी शरीरातही तो उरतो. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं. हेळसांड सोसलेल्या अनेक मुलांत हा चढउतार सपाट झालेला दिसतो.

अमेरिकी संशोधक मेरी डोझियर यांच्या लक्षात आलं, की प्रतिपालकही नकळत मुलासारखेच वागू लागतात. मुलाने तोंड फिरवलं की तेही मागे सरतात. म्हणून डोझियर यांच्या उपचारपद्धतीत प्रशिक्षक दहा वेळा घरी येतो आणि मुलाला नव्हे, मोठ्यांनाच शिकवतो: मूल मागत नसलं तरी लागल्यावर जवळ जा, खेळताना त्याच्या कलाने घ्या, त्याला घाबरवू नका. जवळ जाणं म्हणजे जबरदस्तीने मिठीत दाबून ठेवणं नव्हे. तसल्या ‘उपचारां’त मुलांचे जीव गेले आहेत.

उशीर किती महागात पडतो, हे रोमानियात दिसलं. बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या 136 बाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवलं गेलं. साडेतीन वर्षांची होईपर्यंत त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या मुलांचं सांभाळणाऱ्यांशी सुरक्षित नातं जुळलं होतं. संस्थेच्या गटात हे प्रमाण पाचातल्या एकापेक्षाही कमी होतं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

थोड्या मोठ्या, बिथरलेल्या मुलांसाठी पॅट्रिशिया चेंबरलेन यांनी 1983 मध्ये ओरेगॉनमध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमातली एक साधी गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रतिपालकांना नियमित फोन येतो आणि पलीकडचा माणूस विचारतो, गेल्या चोवीस तासांत काय काय झालं?