समुद्रातलं ‘नवं जनुक’ मोजायचं कसं?

सागरी मेटाजिनोमिक्स म्हणजे समुद्राच्या पाण्यातल्या सगळ्या सूक्ष्मजीवांचा डीएनए एकत्रच वाचणं. त्याच्या बातम्यांत आधी आकडा येतो. २००४ साली बर्म्युडाजवळच्या सारगासो समुद्रातून १२ लाखांहून अधिक अनोळखी जनुकं. २००७ मध्ये अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत गोळा केलेल्या पाण्यातून सुमारे ६१ लाख प्रथिनं. २०१५ मध्ये ६८ ठिकाणच्या २४३ नमुन्यांतून ४ कोटी जनुकं. त्यात आपला अरबी समुद्रही आला. मेटाजिनोम हा शब्द रूढ झाला तो त्याआधी, १९९८ साली, आणि तोही मातीतल्या सूक्ष्मजीवांमुळे.

पण या आकड्यांतलं ‘जनुक’ म्हणजे काय, इथेच खरा गुंता आहे. २०१५ च्या यादीत ९५ टक्के किंवा त्याहून जास्त जुळणारे क्रम (डीएनएतल्या अक्षरांची मांडणी) एकच धरले गेले. ही रेघ माणसांनी ओढलेली. ती थोडी सरकवली की कोटींचा हिशेब बदलतो. एकच काम करणारी, पण क्रमात जरा दूर गेलेली जनुकं वेगवेगळी मोजली जातात. उलटही होतं: वेगळं काम करणारी जनुकं एकच धरली जातात. २००० साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरातल्या एका जीवाणूचं जनुक प्रयोगशाळेतल्या ई. कोलायमध्ये घातलं, रेटिनल हे प्रकाश शोषणारं रसायन दिलं, तर पेशींना लालसर रंग आला आणि उजेड पडताच त्या प्रोटॉन बाहेर ढकलू लागल्या. या जनुकापासून बनणारं, उजेडावर चालणारं प्रथिन म्हणजेच प्रोटिओऱ्होडॉप्सिन. पुढे कळलं, की त्यातलं १०५ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं तर हिरव्याऐवजी निळा प्रकाश शोषला जातो. खोल पाण्यात निळाच उजेड पोचतो, म्हणजे जीवाणूच्या दृष्टीने हा फरक जगण्याचा. ९५ टक्क्यांच्या चाळणीत मात्र तो दिसतच नाही.

म्हणून मला विविधतेचा पुरावा आकड्यापेक्षा चयापचयात शोधावासा वाटतो. सारगासोच्याच माहितीत अमोनियाचं ऑक्सिडीकरण करणाऱ्या जनुकाशी जुळणारा क्रम आर्कियाच्या, म्हणजे जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांच्या, डीएनएला लागून सापडला. हे काम फक्त जीवाणूंचं, अशी तोवर समजूत होती. निव्वळ क्रमाच्या साम्यावर इतका मोठा दावा मान्य करायला अनेकजण कचरले, आणि ते योग्यच होतं. कारण त्याच मोहिमेच्या एका नमुन्यात बाहेरचे जीवाणू मिसळल्याची शंका घेतली गेली होती. २००५ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून असा आर्किया वेगळा काढून अमोनियावर वाढवला गेला, तेव्हा तो वाद मिटला.