स्तंभांवरची पहिली नजर : कोडबुकपासून ग्लिम्प्सपर्यंत

आर या संख्याशास्त्रीय भाषेत काम करणारे अनेक जण नवी फाईल वाचून घेतल्यावर सर्वप्रथम ‘एसटीआर’ किंवा ‘ग्लिम्प्स’ यांपैकी एक फंक्शन चालवतात. पडद्यावर प्रत्येक स्तंभासाठी एक ओळ उमटते आणि तीत स्तंभाचे नाव, त्यातील मूल्यांचा प्रकार आणि सुरुवातीची काही मूल्ये दिसतात. एरवी डावीकडून उजवीकडे मांडलेले स्तंभ येथे वरून खाली येतात. ही मांडणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की स्तंभांचे वर्णन आणि प्रत्यक्ष डेटा या दोन गोष्टी दीर्घकाळ वेगवेगळ्या ठेवल्या जात, याचा सहसा विसर पडतो.

आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या पंचकार्डावर, म्हणजे छिद्रे पाडून माहिती नोंदवण्याच्या जाड कागदी पत्र्यावर, ८० उभे रकाने होते आणि एका रकान्यात एकच अक्षर किंवा अंक मावत असे. त्यामुळे कार्डाचा रकाना आणि आजच्या तक्त्याचा स्तंभ एकच नव्हेत : दोन अंकी वय नोंदवायला दोन रकाने लागत, तर लिंग किंवा वैवाहिक स्थिती यांसाठी सांकेतिक अंकाचा एकच रकाना पुरे. कार्डाकडे कितीही निरखून पाहिले तरी कोणता अंक वयाचा आणि कोणता उत्पन्नगटाचा हे कळणे शक्य नव्हते. ते लिहिलेले असे कोडबुकमध्ये, म्हणजे कोणत्या रकान्यापासून कोणत्या रकान्यापर्यंत कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि त्यातील प्रत्येक अंकाचा अर्थ काय, हे सांगणाऱ्या छापील पुस्तिकेत. कोडबुक हरवले तर उरलेल्या कार्डांना काहीच अर्थ नसे.

हे वर्णन संगणकाच्या आत आणण्याचे काम १९६०च्या दशकात सुरू झालेल्या संख्याशास्त्रीय प्रणालींनी केले. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६८ मध्ये तयार झालेल्या एसपीएसएसने चलाला, म्हणजे नोंदवलेल्या एकेका बाबीला, नाव देण्याबरोबरच त्याला सविस्तर शीर्षक आणि त्याच्या प्रत्येक सांकेतिक मूल्याला अर्थ जोडण्याची सोय दिली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातून पुढे आलेल्या एसएएसमध्ये ‘प्रॉक कंटेंट्स’ ही स्वतंत्र प्रक्रिया फाईलमधील चलांची नावे, प्रकार आणि लांबी यांची यादी छापते. १९८५ मध्ये आलेल्या स्टाटात हेच काम ‘डिस्क्राइब’ करते, आणि तिथे ‘कोडबुक’ नावाचीही एक आज्ञा आहे. जुन्या पुस्तिकेचे नाव असे आज्ञेच्या रूपाने टिकून राहिले.

आरची वाट मात्र वेगळी होती. बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत १९७६ पासून जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली एस ही भाषा सुरुवातीला सदिश (एकाच प्रकारच्या मूल्यांची मालिका) आणि सारणी (मॅट्रिक्स) यांभोवती फिरत असे, आणि सारणीतील सर्व मूल्ये एकाच प्रकारची असावी लागत. संख्या, मजकूर आणि वर्गवारी शेजारीशेजारी नांदू देणारी डेटा फ्रेम ही रचना एसमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रुजली. तिचे अंतरंग समजून घेण्यासारखे आहे : डेटा फ्रेम म्हणजे सारख्या लांबीच्या सदिशांची यादी, आणि प्रत्येक स्तंभ हा एक सदिश. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी रचलेल्या आरने हीच रचना स्वीकारली. साठवणच स्तंभनिहाय असल्याने स्तंभांची झलक दाखवणे या भाषेला स्वाभाविक होते.

‘एसटीआर’ हे नाव ‘स्ट्रक्चर’ या शब्दाचे लघुरूप आहे. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातील मार्टिन मेक्लर यांनी १९९० पासून, म्हणजे आर अस्तित्वात येण्याआधीच, त्यावर काम सुरू केले होते. प्रत्येक मूलभूत घटकासाठी शक्यतो एकच ओळ, हे त्याचे उद्दिष्ट. फुलांच्या मोजमापांच्या ‘आयरिस’ या प्रसिद्ध तक्त्यावर ते चालवले की १५० नोंदी आणि ५ चल असल्याचे कळते. शिवाय प्रजातीचा स्तंभ मजकुरासारखा दिसत असला तरी आतून १, २, ३ अशा पूर्णांकांत साठवलेला आहे, हेही उघड होते. तक्ता नुसता छापून हे कधीच दिसले नसते.

हा तपशील किरकोळ नाही. फाईल वाचताना मजकुराचे आपोआप वर्गवारीत रूपांतर करण्याची आरची पद्धत एप्रिल २०२० मधील ४.०.० या आवृत्तीत बंद झाली. तोपर्यंत, संख्यांच्या स्तंभात चुकून एखादा शब्द शिरला की संपूर्ण स्तंभ वर्गवारीचा होई, आणि त्याचे थेट संख्येत रूपांतर केल्यास मूळ मूल्यांऐवजी वर्गांचे क्रमांक हाती येत. गणित बिनतक्रार चाले, उत्तर तेवढे चुकीचे निघे. अशा वेळी ‘एसटीआर’च्या ओळीतील ‘फॅक्टर’ (आरमधील वर्गवारीचे नाव) हा एक शब्द विश्लेषकाला सावध करी. याउलट युनिक्स या संगणक कार्यप्रणालीतील आज्ञेचे नाव धारण करणारे ‘हेड’ पहिल्या सहा ओळी दाखवते, पण प्रकाराबद्दल मौन पाळते.

रुंदीचा प्रश्न यानंतरही उरलाच होता. आर पडद्याची रुंदी मुळात ८० अक्षरे धरते. टर्मिनलवर रुळलेल्या या आकड्याचे मूळ पंचकार्डाच्या रकान्यांत आहे. स्तंभ तीस-चाळीस असले तर छापील तक्त्याचे तुकडे एकाखाली एक पडतात. ‘एसटीआर’ स्तंभ एकाखाली एक दाखवते खरे, परंतु त्याच्या ओळी रुंदीबाहेर जाऊ शकतात, आणि स्तंभात याद्या साठवलेल्या असतील तर ते त्यांच्या आतही शिरत जाते.

जानेवारी २०१४ मध्ये हॅडली विकहॅम आणि रोमां फ्रांस्वा यांचे डीप्लायर हे पॅकेज, म्हणजे आरला जोडायचा तयार फंक्शनांचा संच, आले आणि त्याच वर्षी त्याच्या ०.२ आवृत्तीत ‘ग्लिम्प्स’ दाखल झाले. एका ओळीत मावतील तितकी मूल्ये दाखवून बाकीची छाटायची, ही त्याची शिस्त. आरंभी ते ‘ऑब्झर्व्हेशन्स’ (निरीक्षणे) आणि ‘व्हेरिएबल्स’ (चल) असे संख्याशास्त्राचे शब्द छापत असे. आता ‘रोज’ (ओळी) आणि ‘कॉलम्स’ (स्तंभ) छापते. माझ्या मते हा बदल बोलका आहे, कारण प्रत्येक ओळ ही एक निरीक्षणच असेल याची खात्री फंक्शनला देता येत नाही. तक्ता डेटाबेसमध्ये असेल तर ते मोजक्याच ओळी आणते आणि एकूण ओळींच्या जागी दोन प्रश्नचिन्हे छापते. पायथनच्या पांडाज ग्रंथालयातील ‘इन्फो’ मूल्ये न दाखवता प्रत्येक स्तंभातील रिक्त नसलेल्या नोंदी मोजते, तर पोलार्स या दुसऱ्या ग्रंथालयाने ‘ग्लिम्प्स’ हे नावच उचलले आहे.

कोडबुकमधील एक गोष्ट मात्र या झलकेत आलेली नाही. ‘क्यू१२’ नावाचा स्तंभ दशांश संख्यांचा आहे एवढे ‘ग्लिम्प्स’ सांगते, पण त्यामागे कोणता प्रश्न होता आणि ९९ म्हणजे ‘उत्तर नाही’ असे ठरले होते का, हे सांगत नाही. हेवन पॅकेजने एसपीएसएस किंवा स्टाटाची फाईल वाचली की स्तंभाची शीर्षके सोबत येतात आणि मूल्यांना अर्थ जोडलेले असतील तर ‘ग्लिम्प्स’ प्रकाराशेजारी तशी खूणही करते. प्रश्नाचा मजकूर वाचायचा असेल तर आर वापरण्यासाठीच्या आरस्टुडिओ या प्रणालीचा तक्तादर्शक उघडता येतो. तेथे तो स्तंभाच्या नावाखाली बारीक अक्षरांत दिसतो.